एकाच गळ्यात चार अमेरिकन नट : फेरुच्चो आमेंदोला आणि इटलीतले डबिंग

तोरिनोकर :

नोकरीनिमित्त तोरिनोत राहायला आल्यावर पहिल्या हिवाळ्यात माझे इटालियन घरमालकीणबाईंच्या टीव्हीसमोर वाढले. एका आठवड्यात तीन जुने अमेरिकन चित्रपट लागले. सोमवारी रॉबर्ट डी नीरो, बुधवारी डस्टिन हॉफमन आणि शुक्रवारी सिल्व्हेस्टर स्टॅलोन. तिसऱ्या दिवशी मी बाईंना जरा संकोचाने विचारले की हे तिघे एकाच आवाजात कसे बोलतात, की माझ्याच कानांना अजून इटालियन आवाजांतला फरक कळत नाही? त्यांनी स्वयंपाकघरातूनच उत्तर दिले, "आमेंदोला आहे तो." घरातल्या एखाद्या पुतण्याविषयी सांगावे तितक्या सहजपणे त्यांनी हे सांगितले आणि वर म्हणाल्या, "अल पचिनोसुद्धा तोच."

हा धागा त्या आमेंदोलाविषयी आहे. आपल्याकडे जागतिक चित्रपटांवर पुष्कळ लिहिले जाते, परंतु ते चित्रपट त्या त्या देशातल्या सामान्य प्रेक्षकाने कोणाच्या आवाजात ऐकले, याविषयी मराठीत माझ्या वाचनात फारसे काही आलेले नाही.

फेरुच्चो आमेंदोला यांचा जन्म २२ जुलै १९३० रोजी याच तोरिनोत झाला. घर नाटकवाल्यांचे होते आणि मुलगा वाढला तो रोममध्ये, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला आमच्या उत्तरेचा ठसा नाही, रोमचा आहे. वयाच्या साधारण पंधराव्या वर्षी त्यांनी रोबेर्तो रोस्सेल्लिनी यांच्या 'रोमा चित्ता आपेर्ता' या १९४५ च्या चित्रपटातील लहान मुलाला आवाज दिला. हा चित्रपट पूर्णपणे इटालियन आहे आणि त्यातला मुलगाही इटालियनच आहे, तरीही त्याचा आवाज दुसऱ्याचा आहे. ही बाब नीट लक्षात ठेवावी, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. त्या काळात इटलीत चित्रीकरण बहुधा मुकेच होत असे आणि संवाद नंतर स्टुडिओत भरले जात. पडद्यावरचे शरीर एकाचे आणि गळा दुसऱ्याचा, ही व्यवस्था परदेशी चित्रपटांपुरती नव्हती. इटालियन चित्रपटच मुळात तसा घडत असे. क्लाउदिया कार्दिनाले यांच्यासारख्या तारकेचा स्वतःचा आवाज प्रेक्षकांना प्रथम ऐकू आला तो फेलिनींच्या १९६३ च्या 'साडेआठ' या चित्रपटात. त्यापूर्वी काही वर्षे त्या नावारूपाला आलेल्या होत्या, परंतु ट्युनिसमध्ये फ्रेंच बोलत वाढल्यामुळे त्यांच्या उच्चारांवर दिग्दर्शकांचा भरवसा नव्हता.

परदेशी चित्रपटांच्या डबिंगचे कारण मात्र राजकीय होते. ऑक्टोबर १९३० मध्ये, म्हणजे आमेंदोला जेमतेम तीन महिन्यांचे असताना, मुसोलिनीच्या सरकारने परकीय भाषेतील संवाद असलेले चित्रपट दाखवण्यास मनाई केली. काही काळ बोलपटांतले बोलणे काढून त्या जागी लिखित पाट्या घालण्याचा उद्योग चालला; बोलपट आले तेव्हा शंभर टक्के बोलका अशी त्यांची जाहिरात होत असे, त्यावर इटालियनांनी शंभर टक्के वाचायचा चित्रपट अशी कोटी केली. अमेरिकन कंपन्यांनी पॅरिसजवळच्या झ्वांव्हिल येथे आणि खुद्द हॉलिवूडमध्येही इटालियन आवाज भरून पाहिले, परंतु स्थलांतरितांचे अमेरिकन वळणाचे इटालियन ऐकून प्रेक्षक हसत. १९३२ मध्ये रोमच्या चीनेस स्टुडिओत डबिंगची सोय झाली आणि १९३३ च्या कायद्याने परदेशी चित्रपटाचे डबिंग इटलीतच आणि इटालियन कलाकारांकडूनच झाले पाहिजे असे ठरले. हुकूमशाही गेली, परंतु तोवर हा धंदा पक्का बसला होता. १९४४ मध्ये रोममध्ये डबिंग कलाकारांची सहकारी संस्था स्थापन झाली आणि युद्धकाळात अडकून पडलेले अमेरिकन चित्रपट लोंढ्याने आले, तेव्हा त्यांना बोलते करणारी फौज तयार होती.

या पहिल्या पिढीतले आवाज भारदस्त होते. एमिलिओ चिगोली जॉन वेन आणि गॅरी कूपर यांना आवाज देत, तर तीना लात्तान्झी यांच्या आवाजात इटलीने ग्रेटा गार्बोला ऐकले. शब्दफेक स्वच्छ, रंगमंचावर घासलेली, प्रत्येक अक्षर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारे. आमेंदोला यांचा आवाज या कसोटीला उतरणारा नव्हता. तो थोडा घोगरा, किंचित नाकातून येणारा आणि मध्येच विरणारा होता. त्यामुळे तरुणपणी ते बरीच वर्षे दुय्यम भूमिकांनाच आवाज देत राहिले. अधूनमधून पडद्यावरही दिसले. मारिओ मोनिचेल्ली यांच्या १९५९ च्या 'ला ग्रांदे ग्वेर्रा'मध्ये त्यांची एक छोटी भूमिका आहे.

मग अमेरिकन चित्रपटच बदलला. १९६९ च्या 'मिडनाइट काउबॉय'मधला लंगडा, खोकणारा, घामट हॉफमन चिगोलींच्या आवाजात बोलू शकत नव्हता. १९७२ मध्ये 'गॉडफादर'मधला पचिनो, १९७६ मध्ये 'टॅक्सी ड्रायव्हर'मधला डी नीरो. बुटके, अस्वस्थ, शब्द गिळणारे, वाक्य अर्धवट टाकणारे हे नायक होते आणि त्यांच्यासाठी अगदी असाच गळा रोममध्ये पंचवीस वर्षे उमेदवारी करून तयार झालेला होता. माझ्या मते आमेंदोला यांच्या कारकिर्दीचे मर्म इथे आहे. त्यांनी आपला आवाज चार नटांसाठी चार तऱ्हांनी बदलला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण आवाज तोच राहतो. बदलतो तो श्वास. पचिनोचा मायकेल बोलताना ते वाक्याच्या आधी थांबतात, तर डी नीरोचा टॅक्सीवाला बोलताना वाक्याच्या नंतर. आरशासमोरचा "माझ्याशी बोलतो आहेस का?" हा त्या टॅक्सीवाल्याचा प्रसिद्ध प्रश्न इटालियनमध्ये "मा दीची आ मे?" असा झाला आणि इटलीत तो आजही याच शब्दांत, याच सुरात म्हटला जातो.

या विषयावर येथील जाणकारांनी भर घालावी. विशेषतः रोममध्ये राहणाऱ्यांनी.


शंकासूर :

लेख माहितीपूर्ण आहे, परंतु मूळ मुद्द्याला बगल दिल्यासारखी वाटते. आवाज हा अभिनयाचा निम्मा भाग असतो. डी नीरोने एखाद्या भूमिकेसाठी महिनोन् महिने उच्चार आणि लकबी आत्मसात करायच्या आणि मग रोममधल्या एका गृहस्थांनी अंधाऱ्या खोलीत उभे राहून ते सगळे पुसून टाकायचे, याला आपण कला म्हणतो आहोत. शिवाय या प्रथेचे मूळ हुकूमशाहीच्या फतव्यात आहे, हे आपणच लिहिले आहे. चार वेगवेगळ्या नटांना एकच आवाज असेल, तर इटालियन प्रेक्षकाने चार नट पाहिले की एकच?


गानवेडी :

शंकासूर, हा प्रश्न आपण मुंबईच्या चित्रपटांना विचारून पाहिला आहे का? मधुबालेपासून काजोलपर्यंतच्या नायिकांचे गाणे आपण लता मंगेशकरांच्या एका गळ्यातून ऐकले आणि त्यात आपल्याला कधी काही खटकले नाही. उलट नायिका स्वतः गायली असती तर आपण तक्रार केली असती. पडद्यावरचा चेहरा आणि कानावरचा आवाज यांची फारकत पचवण्यात भारतीय प्रेक्षकाइतका तरबेज प्रेक्षक दुसरा कोणी नसेल, इटालियनांचा अपवाद सोडला तर.

श्रेयाचा इतिहासही दोन्हीकडे सारखाच दिसतो. 'महल' १९४९ मध्ये आला तेव्हा त्यातल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकांवर गायिकेचे नाव 'कामिनी' असे छापलेले होते, म्हणजे चित्रपटातील पात्राचे नाव. लताबाईंचे नाव लोकांना कळले ते नंतर, चौकश्या सुरू झाल्यावर. आमेंदोला यांचे नाव सर्वसामान्यांना केव्हा कळले, हे तोरिनोकर यांनी सांगितले तर तुलना पुरी होईल.


तोरिनोकर :

गानवेडी, तुलना आवडली, परंतु ती एका ठिकाणी थांबते. गाणे सुरू झाले की आपला प्रेक्षक मनोमन वेगळ्या दालनात जातो आणि तिथे नायिकेने स्वतः गावे अशी त्याची अपेक्षाच नसते. आमेंदोला मात्र चहा मागताना, शिवी देताना, मरताना सगळीकडे हजर असतात.

श्रेयाबाबत सांगतो. व्यवसायातल्या लोकांना त्यांचे नाव सत्तरच्या दशकातच ठाऊक होते, परंतु घराघरांत चेहरा पोहोचला तो ऐंशीच्या दशकात, दूरचित्रवाणीमुळे. १९८२ च्या 'स्तोरिया दामोरे ए दामिचीत्सिया' या मालिकेत त्यांनी काम केले आणि त्यांचा मुलगा क्लाउदियो याचे पदार्पणही त्याच मालिकेतून झाले. पुढे 'प्रोंतो सोक्कोर्सो'सारख्या मालिकांत ते प्रमुख भूमिकांत दिसले. लोकांना टीव्हीवर पन्नाशी उलटलेला, साधासा दिसणारा एक माणूस डी नीरोच्या आवाजात बोलताना दिसू लागला. माझ्या मालकीणबाई सांगतात की पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यांना वाटले, हा गृहस्थ डी नीरोची नक्कल करतो आहे.

क्लाउदियो आमेंदोला आज इटलीतले मोठे नाव आहे आणि त्याची आई रीता सावान्योने यासुद्धा डबिंगमधल्या नामवंत. म्हणजे घरात आवाजांचीच वतनदारी. इटलीतल्या या व्यवसायावर घराणेशाहीचा आरोप होतो, तो अगदीच निराधार नाही.


रोमची खिडकी :

तोरिनोकरांनी रोमकरांना हाक दिली आहे म्हणून लिहिते. मी गेली एकोणीस वर्षे येथे आहे आणि सासर पक्के रोमन आहे.

आपल्या यादीत एक मोठी उणीव आहे आणि ती दाखवली नाही तर माझे सासरे मला जेवायला वाढणार नाहीत. रोममध्ये आमेंदोला म्हटले की पहिले नाव डी नीरोचे निघत नाही, तोमास मिलियानचे निघते. मिलियान मूळचा हवानाचा, म्हणजे क्यूबन, आणि त्याच्या इटालियन उच्चारांत ते कायम जाणवत असे. सत्तरच्या दशकात इटलीत स्वस्तातल्या पोलिसी चित्रपटांची लाट आली, तीत त्याने 'एर मोन्नेत्झा' नावाचा रोमन भुरटा चोर आणि निको जिराल्दी नावाचा लोकरी टोपीतला पोलीस अधिकारी रंगवला. दोघेही अस्सल रोमन बोलीत बोलतात आणि ती बोली आमेंदोला यांची आहे. तिच्यात शिवराळपणा आहे, परंतु त्याहून जास्त आहे ती येथील बाजारातली तिरकस, आळसावलेली लय. वाक्य सुरू होतानाच बोलणाऱ्याला कंटाळा आलेला असतो. हा क्यूबन नट पुढे रोमचा मानसपुत्र म्हणून ओळखला गेला. आता सांगावे की रोमने दत्तक कोणाला घेतले, मिलियानच्या चेहऱ्याला की आमेंदोलांच्या जिभेला?

शंकासूर यांच्या आक्षेपावर मला हेच उदाहरण द्यावेसे वाटते. इथे मूळ आवाज पुसला गेला असे म्हणताच येत नाही, कारण पात्र पूर्ण झाले तेच डबिंगच्या टेबलावर.

मात्र अमेरिकन चित्रपटांत त्यांनी बोलीचा वापर जपून केला आहे. इटालियन डबिंगची एक स्वतंत्र, कोणाच्याच मातृभाषेची नसलेली भाषा आहे, तिला येथे थट्टेने 'दोप्पियाज्जेझे' म्हणतात. 'दान्नात्सिओने', म्हणजे साधारण 'धिक्कार असो', असे कोणताही इटालियन माणूस प्रत्यक्षात म्हणत नाही, परंतु पडद्यावरचा प्रत्येक अमेरिकन म्हणतो. मुळातल्या शिवीएवढ्याच मापाचा आणि ओठांना बसणारा शब्द हवा असतो, त्यातून ही भाषा तयार झाली. आमेंदोला हीच कृत्रिम वाक्ये म्हणतात, पण ऐकताना ती कागदावरची वाटत नाहीत. त्यांच्या आधीच्या पिढीचे तेच शब्द मला आज जुन्या नाटकासारखे वाटतात.


ध्वनिमुद्रक :

मी मुंबईत अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओत काम करतो, त्यामुळे तांत्रिक अंगाने दोन गोष्टी लिहितो.

पहिली, ओठांची. प, ब, म ही अक्षरे उच्चारताना ओठ मिटतात आणि पडद्यावर नटाचे तोंड जवळून दिसत असेल, तर त्या जागी भाषांतरातही तसेच अक्षर यावे लागते. बाकी अक्षरांत थोडी लबाडी खपते. इटालियनची खास अडचण अशी की तिचे जवळजवळ सगळे शब्द स्वरान्त असतात, तर इंग्रजी शब्द खटकन व्यंजनावर संपतात. नटाचे तोंड बंद झाले तरी इटालियन शब्दाचा शेवटचा स्वर उरलेलाच असतो. तो स्वर गिळणे किंवा पुढच्या श्वासात मिसळणे हे कौशल्य आहे. तोरिनोकरांनी आमेंदोला यांच्या विरत जाणाऱ्या आवाजाविषयी लिहिले आहे, त्याचा हा एक व्यावहारिक फायदा असणार. शब्दाचे शेपूट विरून गेले की ओठांचा हिशेब आपोआप जुळतो. शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणाऱ्या गळ्याला ही सवलत नाही.

दुसरी गोष्ट सातत्याची. इटलीत एका नटाला शक्यतो वर्षानुवर्षे एकच आवाज दिला जातो, हे वाचून मला हेवा वाटला. आपल्याकडे हिंदीत डब होणाऱ्या इंग्रजी चित्रपटांत एकाच नटाला दर वेळी वेगळा आवाज मिळणे ही नेहमीची बाब आहे. निर्मात्याचे वेळापत्रक आणि पैसे यांवर ते ठरते. अलीकडे दक्षिणेतल्या चित्रपटांमुळे थोडे चित्र बदलले आहे. 'बाहुबली'च्या दोन्ही भागांत प्रभासला शरद केळकर यांचा आवाज होता आणि २०२१ च्या 'पुष्पा'त अल्लू अर्जुनला श्रेयस तळपदे यांचा, आणि ही दोन्ही नावे प्रेक्षकांत चर्चिली गेली. परंतु हे दोघे आधीच पडद्यावरचे परिचित नट होते. माझ्याकडे रोज येणाऱ्या कलाकारांपैकी कित्येकांचे नाव श्रेयनामावलीत येतच नाही. एका मालिकेच्या वेळी आम्ही सगळ्यांची नावे टंकून पाठवली होती. शेवटच्या प्रतीत भाषांतरकर्त्या संस्थेचे नाव तेवढे उरले.

इटलीत प्रत्यक्ष मुद्रण कसे होते? एकेकटे की एकत्र?


रोमची खिडकी :

पूर्वी एकत्र, आता बहुतेक एकेकटे. माझी नणंद काही वर्षे एका दिग्दर्शकाची सहायक होती, तिच्याकडून ऐकलेले सांगते. खोली अंधारी, समोर पडदा, आणि उभे राहून कागद ठेवण्याचे स्टँड, त्याला 'लेज्जीओ' म्हणतात. या कलाकारांच्या लेखी 'लेज्जीओपाशी असणे' म्हणजेच धंद्यात असणे. चित्रपटाचे छोटे तुकडे करतात, त्यांना 'आनेल्लो', म्हणजे कडे किंवा अंगठी म्हणतात. फिल्मच्या काळात तो तुकडा खरोखरच टोकाला टोक चिकटवून गोल केलेला असे आणि प्रक्षेपकातून पुन्हापुन्हा फिरत राही, तोवर कलाकार तालीम करत. फिल्म गेली, परंतु शब्द राहिला. एका पाळीला 'तुर्नो' म्हणतात आणि ती तीन तासांची असते.

आमेंदोलांच्या पिढीत एका प्रसंगातली दोन-तीन पात्रे एकाच लेज्जीओभोवती उभी राहत आणि एकमेकांना ऐकत बोलत. आता प्रत्येक आवाज स्वतंत्र पट्टीवर घेतात, समोरच्याचे बोलणे कानात यंत्रातून येते किंवा येतच नाही. सोय झाली, पण नणंदेच्या मते जुन्या डबिंगमधली भांडणे खरी वाटतात ती याच कारणाने.


शंकासूर :

मिलियानचा मुद्दा मान्य करतो. परंतु अमेरिकन नटांचे काय? मला एक सरळ उत्तर हवे आहे. 'हीट'मध्ये डी नीरो आणि पचिनो एका टेबलावर समोरासमोर बसून कॉफी पितात. दोघेही आमेंदोलांचे. मग इटलीत त्या प्रसंगी कोण कोणाशी बोलले?


तोरिनोकर :

हा प्रश्न येणार हे ठाऊक होते आणि तो यावा म्हणूनच मी तो राखून ठेवला होता.

पेच त्याआधीच एकदा येऊन गेला होता. 'गॉडफादर'च्या १९७४ च्या दुसऱ्या भागात पचिनो आणि डी नीरो दोघेही आहेत, परंतु बाप आणि मुलगा वेगवेगळ्या काळांत असल्यामुळे एका चौकटीत कधी येत नाहीत. आमेंदोला यांनी आधीच्या भागाप्रमाणे पचिनोला आवाज दिला आणि डी नीरोसाठी दुसरा कलाकार घेण्यात आला. त्या वेळी डी नीरो इटलीत कोणाच्याच आवाजाचा झालेला नव्हता, त्यामुळे फारसे कोणाला वावगे वाटले नाही.

१९९५ च्या 'हीट'पर्यंत परिस्थिती उलटली होती. आमेंदोला आणि डी नीरो हे समीकरण पक्के झाले होते, तर पचिनोला अलीकडे जानकार्लो जान्नीनी यांचा आवाज मिळू लागला होता. 'सेंट ऑफ अ वुमन' आणि 'कार्लिटोज वे' या दोन्हींत तेच होते. त्यामुळे त्या कॉफीच्या टेबलावर डी नीरो आमेंदोलांच्या आवाजात बोलला आणि पचिनो जान्नीनींच्या. ज्यांनी पचिनोला वीस वर्षे आमेंदोलांच्या आवाजात ऐकले होते, त्यांच्यासाठी तो प्रसंग आणखी एका अर्थाने सामना होता. जुना पचिनो टेबलाच्या या बाजूला बसून नव्या पचिनोकडे पाहतो आहे, असे माझ्या एका सहकाऱ्याने त्याचे वर्णन केले होते. मूळ इंग्रजी चित्रपटात ही गंमत असणे शक्यच नाही.

येथे जान्नीनी कोण, हे सांगितले पाहिजे. लीना वेर्तम्युलर यांच्या 'सात सुंदऱ्या' या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या ऑस्करचे नामांकन मिळवलेला हा नट आहे. तोही आवाज देतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. जिजी प्रोयेत्ती हे रंगभूमीचे सम्राट म्हणावेत असे नट, त्यांनी 'कॅसिनो'त डी नीरोला आवाज दिला आणि डिस्नेच्या 'अलादीन'मधल्या जीनलाही. आणखी मागे गेलो तर आल्बेर्तो सोर्दी. १९३७ मध्ये एका स्पर्धेतून निवडला गेलेला हा पोरसवदा मुलगा जाड्या-रड्यांच्या जोडीतल्या जाड्या ऑलिव्हर हार्डीचा आवाज झाला आणि पुढे इटलीचा सर्वांत लाडका विनोदी नट. त्याचा जोडीदार माउरो झांबूतो रड्याला आवाज देत असे. तो पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाला. या दोघांचे इटालियन मुद्दाम इंग्रजी वळणाचे, चुकीच्या जागी आघात देणारे होते, कारण मूळ जोडीने सुरुवातीला स्वतःच अडखळत इटालियन संवाद म्हटले होते आणि ते लोकांना भलतेच आवडले होते. म्हणजे डबिंगने कधी उच्चार पुसले, तर कधी नसलेले जपलेही.

आपल्या मूळ आक्षेपाचा एक भाग मात्र मला मान्य करावा लागतो. 'गॉडफादर'मध्ये पात्रे इंग्रजीतून सिसिलियनमध्ये जातात तेव्हा काहीतरी घडते; घराचा दरवाजा आतून लावल्यासारखे वाटते. इटालियन आवृत्तीत सगळेच इटालियन बोलत असल्यामुळे तो दरवाजा उरत नाही, फार तर बोली बदलते. डॉन व्हितो झालेल्या मार्लन ब्रँडोला ज्युसेप्पे रिनाल्दी यांनी दिलेला आवाज विलक्षण आहे, पण अमेरिकेत परका असलेला म्हातारा त्यातून ऐकू येत नाही. हे नुकसान कोणत्याही गळ्याने भरून निघणारे नाही.


गानवेडी :

मुद्दा चित्रपटांचा चालला आहे, परंतु मालिकांचे काय? बिल कॉस्बी यांच्या मालिकेलाही आमेंदोलांचाच आवाज होता असे वाचले होते.


रोमची खिडकी :

होय. येथे ती मालिका 'रॉबिन्सन कुटुंब' या अर्थाच्या नावाने चालली आणि कुटुंबाचे आडनावही बदलून रॉबिन्सन केले. टीव्हीच्या डबिंगमध्ये असे स्वातंत्र्य सर्रास घेत. 'द नॅनी' मालिकेतली न्यूयॉर्कची ज्यू नायिका येथे रोमजवळच्या फ्रोझिनोने गावच्या घराण्यातली फ्रांचेस्का होऊन आली. 'सिम्पसन्स'मध्ये शाळेचा स्कॉटिश माळी सार्डिनियाच्या उच्चारात बोलतो आणि पोलीसप्रमुख नेपल्सच्या. त्या मालिकेतल्या होमरला आणि एडी मर्फीलाही तोनीनो आक्कोला यांचा आवाज होता. मर्फीचे जे हसू माझ्या नवऱ्याच्या पिढीला तोंडपाठ आहे, ते आक्कोलांच्या गळ्यातले आहे.


कोपऱ्यातला प्रेक्षक :

वाचतो आहे. आमेंदोला गेल्यावर या चौघांचे काय झाले?


तोरिनोकर :

३ सप्टेंबर २००१ रोजी रोममध्ये आमेंदोला यांचे निधन झाले, तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते. वाटणी झाली ती अशी की डी नीरो स्तेफानो दे सांदो यांच्याकडे गेला, स्टॅलोन मास्सिमो कोर्वो यांच्याकडे आणि हॉफमन प्रामुख्याने जॉर्जो लोपेझ यांच्याकडे. पचिनो जान्नीनींकडे होताच. मार्टिन स्कोर्सेसी यांच्या २०१९ च्या 'आयरिशमन'मध्ये डी नीरो आणि पचिनो पुन्हा एकत्र आले, तेव्हा दे सांदो आणि जान्नीनी समोरासमोर होते.

खरा गदारोळ झाला तो २००७ मध्ये. 'गॉडफादर'चे नव्याने डबिंग करण्यात आले. मायकेलला जान्नीनींचा आवाज आला आणि व्हितोला दे सांदोंचा. दोघेही उत्तम कलाकार, ध्वनीही अधिक स्वच्छ. तरीही जुन्या प्रेक्षकांनी ते स्वीकारले नाही. शंकासूर यांना हे गमतीचे वाटेल की या वादात 'मूळ आवाज नष्ट केला' अशी तक्रार करणारे लोक रिनाल्दी आणि आमेंदोला यांच्याविषयी बोलत होते. ब्रँडो आणि पचिनो यांच्या इंग्रजीचा विषयच नव्हता.


ध्वनिमुद्रक :

या सगळ्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय कसा निघाला नाही याचे आश्चर्य वाटते. आता डी नीरोचाच आवाज इटालियनमध्ये बोलवता येईल, मग दे सांदो कशाला, असा विचार निर्माते करणारच. आमच्याकडे कलाकारांच्या करारांत आवाजाचा नमुना वापरण्याची कलमे गुपचूप येऊ लागली आहेत आणि वाचायला वेळ न देता सह्या घेतल्या जातात.


रोमची खिडकी :

इटलीत २०२३ च्या सुरुवातीला डबिंग कलाकारांनी संप केला, त्यात ही एक प्रमुख मागणी होती. दुसरी होती पंधरा वर्षे जुना सामूहिक करार बदलण्याची, कारण वेब मालिकांनी कामाचा वेग इतका वाढवला होता की तीन तासांच्या पाळीत तालीम करायला उसंतच उरत नव्हती. त्या वर्षाच्या अखेरीस नवा करार झाला आणि त्यात आवाजावरून यंत्राला शिकवण्याविषयीची बंधने आली. येथे कलाकार एकजुटीने पाळीवर जाणे थांबवतात तेव्हा आठवड्याभरात मालिकांचे भाग अडतात, हे त्यांचे बळ आहे. मुंबईत अशी एकजूट आहे का, हे ध्वनिमुद्रक यांनी सांगावे.


ध्वनिमुद्रक :

संघटना आहे आणि दरांसाठी ती भांडतेही. परंतु प्रेक्षकाला फरक पडत नाही, ही आमची मुख्य अडचण आहे. आवाज बदलला म्हणून इथे कोणी पत्र लिहीत नाही. तिथे कोणाच्या घरमालकीणबाई स्वयंपाकघरातून नाव सांगतात.


तोरिनोकर :

त्यांच्याच विषयी एक भर घालतो. स्टॅलोनच्या 'रॉकी'तली ती रिंगमधली शेवटची आर्त हाक इटलीत प्रत्येकाला तोंडपाठ आहे. मुळात नायिकेचे नाव एड्रियन आहे, ते इटालियन कानाला पुरुषाचे वाटेल म्हणून 'आद्रियाना' केले. दीर्घ आ-काराने संपणारे नाव, सुजलेल्या तोंडाने मारलेली हाक, ओठांचा काही प्रश्नच नाही. ध्वनिमुद्रक यांना हे पटेल. ही हाक सर्रास आमेंदोलांच्या नावावर सांगितली जाते. वस्तुतः १९७६ च्या पहिल्या भागात स्टॅलोनला प्रोयेत्तींचा आवाज आहे आणि आमेंदोला आले ते दुसऱ्या भागापासून.

काल मी हे मालकीणबाईंना सांगितले. त्यांनी मुळीच मान्य केले नाही. "मी चित्रपटगृहात ऐकले आहे, तू तेव्हा जन्मलाही नव्हतास," असे सुनावून त्यांनी विषय संपवला. येत्या रविवारी दोन्ही भाग लागोपाठ लावायचे ठरले आहे आणि शेजारच्या दोघांना पंच म्हणून बोलावले आहे.